जनकाआत्याच्या कॅमेऱ्याचं बटण

पुणे, ९ जानेवारी

प्रिय आत्या,

जयभीम. तुझं पाकीट परवा मिळालं. भीमराजचा ट्रॅक्टरवरचा फोटो बघून मी एकटीच खोलीत हसत सुटले. माझा धाकटा भाऊ एवढा कधी फुगला गं? त्याला म्हणावं, पोट आत घे, लग्नाचा झालास.

पण शेवटचे दोन फोटो अर्धे काळे आलेत. तू लिहिलंयस, बटण अडकतंय, दाबलं की कॅमेरा आधी विचार करतो आणि मग फोटो काढतो. आत्या, तो कॅमेरा तू अंगणवाडीच्या भाऊबीज भेटीतून घेतलास तेव्हा मी दहावीत होते. त्यानं वस्तीतली किती बारशी, किती लग्नं, किती जयंत्या काढल्या. आता त्याला सुखानं निवृत्त होऊ दे. मी एक नवा कॅमेरा कुरिअरनं पाठवलाय. जुना टाकून दे.

बाबांचा फोटो मी आरशाच्या कडेला खोचलाय. एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का? या तीन वर्षांत तू पाठवलेल्या एकाही फोटोत बाबांचं तोंड मिटलेलं नाही. काहीतरी बोलता बोलता टिपल्यासारखे दिसतात. आणि डोळे असे, जणू माझ्याशीच बोलतायत. माझ्या साखरपुड्याला आठ दिवस असताना मी नाही म्हणाले, कळमनुरीच्या मित्राला दिलेला त्यांचा शब्द मोडला आणि इथल्या लॅबमधल्या नोकरीवर निघून आले. त्या दिवशी "हिचं नाव या घरात काढायचं न्हाई" म्हणाले ते हेच बाबा का, असं वाटतं. फोनवर ते येत नाहीत. तुला फोन केला तर मी रडते आणि तू ओरडतेस. म्हणून मला आपली ही पत्रं आणि हे फोटोच बरे. रागावलेला माणूस असा बघत नाही, हे मी रोज स्वतःला सांगते.

तुझीच,
सपना


गोरेगाव (जि. हिंगोली), २४ जानेवारी

चि. सपनास,

आत्याचा जयभीम आणि एक धपाटा. धपाटा अशासाठी की मला न विचारता एवढा महागाचा कॅमेरा धाडलास.

कॅमेरा सुरेख आहे. अंगणवाडीतल्या लेकरांना दाखवला, त्यांनी चाटायचा तेवढा बाकी ठेवला. पण बाई, त्याचं माझं जमायचं नाही. एक तर त्याला बोट लागलं की तो काहीतरी उघडतो, ते बंद करायला गेलं की दुसरं उघडतं. वर सरपंचाच्या पोरानं त्यात अशी काही किल्ली फिरवून ठेवली की समोरचा हसल्याशिवाय तो फोटोच काढत नाही! चेहऱ्याभोवती चौकोन काढतो आणि वाट बघत बसतो. तुझ्या बापासमोर धरला, तर पोळ्यापर्यंत हात वर करून उभी राहीन. कपाटात साड्यांच्या खाली ठेवलाय. तू आलीस की तूच वापर.

जुना टाकायचा नाही. हिंगोलीतल्या मोबाइलच्या दुकानात दाखवला, तर तो पोरगा म्हणाला, "मावशी, म्यूझियमला द्या." मी म्हटलं, तुझ्या आजीलाही देतोस का? आता आखाडा बाळापूरला लतीफभाईंकडे नेणार आहे. त्यांचा आधी फोटो स्टुडिओ होता, तुझ्या आईबापाच्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. आता मोबाइलच दुरुस्त करतात, पण कॅमेरा हातात दिला की त्यांचा चेहरा खुलतो म्हणे.

आता खरी बातमी. भीमराजचं लग्न ठरलं. पोरगी वारंगा फाट्याजवळची, नर्सिंग केलेली, बोलायला तिखट. मला आवडली. तारीख ११ मे, मांडव आपल्याच दारात. तू यायचं आहेस. तुझ्या आईमागं तुला मी वाढवलं, तेव्हा हे मी विचारत नाही, सांगते आहे.

तुझी,
आत्या


गोरेगाव, १८ फेब्रुवारी

चि. सपनास,

माझा कॅमेरा नीट झाला! पोस्टात टाकायच्या आधी हे पत्र उशाशी घेऊन झोपावं इतकी मी खुशीत आहे.

हिंगोलीपर्यंत जीप, पुढं एसटी. जीपमध्ये मांडीवर एकाचं बोकड. बाळापूरला उतरले तर लतीफभाई दुकानात नमाजची टोपी घालून, डोळ्याला भिंग लावून बसलेले. बिलकीसभाभींनी चहा दिला आणि तुझी चौकशी केली. लतीफभाईंनी कॅमेरा खोलला, आत फुंकर मारली आणि म्हणाले, "ताई, यात अर्ध्या गोरेगावची धूळ हाय." बटणाखालची स्प्रिंग पार मेली होती. त्यांनी दुसऱ्या एका बंद कॅमेऱ्याचं बटण काढून बसवलं. आता बोट टेकलं की टक्! थांबणं नाही, विचार करणं नाही.

जुनं बटण त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून हातात दिलं. मी म्हटलं, हे काय करू? तर म्हणाले, "काढलेली चीज गिऱ्हाइकाची. मी ठेवली तर मनात शक राहते." बघ, आजकाल कोण असं करतं? मी ती पुडी शिवणाच्या डबीत टाकली.

सोबत चार फोटो आहेत. आपल्याकडे हळद शिजवून राहिलेत, त्या कढईपाशी तुझा बाप उभा आहे. एकूण एक केस मोजून घे, इतका स्वच्छ आलाय. लतीफभाईंच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पाहिजे.

रजेचा अर्ज आत्ताच टाक. मेमध्ये सगळ्यांनाच रजा हवी असते.

तुझी,
आत्या


पुणे, ५ मार्च

प्रिय आत्या,

फोटो मिळाले. खूप स्वच्छ आहेत. हळदीची वाफसुद्धा दिसते.

आत्या, घरी काही झालंय का? खरं सांग. बाबा असे का बघतायत? ओठ घट्ट मिटलेले, हनुवटी वर, डोळे कॅमेऱ्यावर रोखलेले. चारही फोटोंत तेच. आधारकार्डावरसुद्धा माणूस यापेक्षा मोकळा असतो. जुने फोटो शेजारी ठेवून बघितले. हा तो माणूसच नाही.

माझ्या मनात येतं ते लिहूनच टाकते. लग्नाला कळमनुरीचे लोक येणार, आणि मी येणार म्हटल्यावर बाबांचा जुना राग वर आला असेल. तू त्यांना सांगितलंस का, मी येते म्हणून? काय म्हणाले? तू एरवी सगळं सविस्तर लिहितेस, बोकडसुद्धा सोडत नाहीस. यावर मात्र तुझ्या पत्रात एक ओळ नाही.

सपना


गोरेगाव, १७ मार्च

चि. सपनास,

अगं, मी एवढे पैसे भाड्यात घालून कॅमेरा नीट करून आणला, आणि तुला फोटोत खोट दिसली! तुझ्या बापाचं तोंड तसंच आहे. जन्मापासून तसंच आहे. आमची माय म्हणायची, हे पोरगं पाळण्यात होतं तेव्हाही तलाठ्यासारखं बघायचं.

तरी तुझ्यासाठी परत फोटो काढले. दादाला म्हटलं, जरा हस.

"काहून?"

"फोटो चांगला येतो."

"मी काय तमाशात हाय का?"

मी हट्टच धरला, तेव्हा त्यानं दात दाखवले. सोबत पाठवला आहे तो फोटो, पण जेवताना बघू नकोस. शेजारचं लेकरू ते बघून आईच्या पदरात शिरलं.

घरी काही झालेलं नाही. तू येणार म्हणून मी सांगितलं. तो गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं म्हणजे काय ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही, तुला पुण्याहून कसं कळेल? भीमराजनं विचारलं, "ताईला पत्रिका धाडू का?" तर उठून गोठ्यात गेला. नाही म्हणाला नाही, एवढं लक्षात घे.

एक गोष्ट मला तुला सांगता येत नाही, मी शपथ घेतलेली आहे. पण तुझी आत्या म्हणून सांगते, तू ये.

आत्या


पुणे, २ एप्रिल

प्रिय आत्या,

रागावू नकोस. मी ११ मेची ड्यूटी घेतली आहे. आमच्या लॅबमध्ये कुणीतरी थांबायला हवंच होतं, मी आपणहून नाव दिलं.

तो दात दाखवलेला फोटो बघून आधी हसले, मग बघवेना. नको असलेलं काम कुणाच्या हट्टापायी करताना माणूस असाच दिसतो. पत्रिकेचा विषय निघाला आणि ते उठून गेले, हे तूच लिहिलंस. मी मांडवात उभी राहीन, लोक बाबांकडे बघतील, कळमनुरीचे लोक बाबांकडे बघतील, आणि बाबा या फोटोतल्यासारखे माझ्याकडे बघतील. भीमराजच्या दिवशी मला ते नको. तीन वर्षं मी उगाच त्या जुन्या फोटोंत काहीतरी वाचत बसले. आपल्याला हवं तेच दिसतं माणसाला.

वहिनीसाठी साडी आणि भीमराजसाठी घड्याळ पाठवते. तू मात्र भरपूर फोटो काढ. सगळ्यांचे.

सपना


गोरेगाव, १० एप्रिल

चि. सपना, माझ्या लेकरा,

हे पत्र नीट बसून वाच. आत्या मूर्ख आहे, हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे पुढं सारखं लिहायला नको.

तुझं पत्र मिळालं. परवा वस्तीत जयंतीची तयारी चालली होती. पोरं निळ्या पताका लावत होती, दादा शिडी धरून उभा होता. मी सवयीनं कॅमेरा काढला. त्यानं नेहमीसारखी मान ताठ केली, ओठ मिटले. मी बटण दाबलं. टक्. मी "झालं" म्हटलं, कॅमेरा खाली घेतला. आणि दादानं नेहमीसारखंच विचारलं.

आता शपथ मोडते. मोडली तर मोडली, बुद्धविहारात जाऊन मी माझं बघून घेईन.

तीन वर्षं, मी त्याचा फोटो काढला आणि "झालं" म्हटलं की, तुझा बाप एकच विचारतो, "पोरगी टायमावर जेवून राहिली का न्हाई?" तुझं नाव घेत नाही. फोटो कुणाला जातात हे मी त्याला कधी सांगितलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही. पहिल्या वेळी मी हसले, तर म्हणाला, "तिला हे सांगशील तर आपलं भाऊ-बहिणीचं नातं सरलं." म्हणून मी तशी शपथ घेतली.

तर परवा त्यानं विचारलं, तेव्हा कॅमेरा माझ्या हातात खाली लोंबत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. सपना, तोच चेहरा गं! तुझ्या आरशावरचा. तोंड थोडं उघडं, डोळे तसेच. मी जागच्या जागी उभी राहिले. ते मेलं जुनं बटण दाबल्यावर लगेच लागायचंच नाही. मी म्हणायची "झालं", आणि फोटो निघायचा त्याच्यानंतर, तो तुझी चौकशी करत असताना. मी कॅमेरा खाली घ्यायच्या आत. वस्तीतल्या सगळ्यांचेच फोटो त्यामुळं हसरे यायचे, आणि मी समजायची, माझा हात चांगला आहे! नवं बटण इतकं चलाख की ते दादाचा नुसता ताठा टिपतं आणि मोकळं होतं.

दुसऱ्याच दिवशी शिवणाच्या डबीतली पुडी घेतली आणि बाळापूर गाठलं. लतीफभाईंना म्हटलं, हे जुनं बटण परत बसवा.

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "ताई, माझ्या कामात काय खोट राहिली का?"

"खोट न्हाई भाई, तीच तर तकलीफ हाय. मला पयल्यासारखा बिघडवून द्या."

"लोक बिघडलेलं नीट कराया आणतेत. नीट झालेलं बिघडवाया आणणारं गिऱ्हाईक तुमी पयलंच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बिलकीसभाभी आतून ऐकत होत्या, त्या पदर डोळ्याला लावून बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बसवा की बराबर! काय बघून राहिले?" लतीफभाईंनी बसवलं. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, बिघडवायचे पैसे घ्यायला शरम वाटते.

सोबत कालचा फोटो आहे. आरशावरच्या फोटोशेजारी लावून बघ. तुला जे दिसत होतं ते खरंच होतं. ड्यूटी बदलून घे.

तुझी,
मूर्ख आत्या


पुणे, १९ एप्रिल

प्रिय आत्या,

फोटो हातात घेऊन मी लॅबच्या जिन्यात बसले होते. मैत्रिणीला वाटलं, घरून वाईट बातमी आली.

तू मूर्ख नाहीस. मीच बाबांना फोटोवरून ओळखायला निघाले होते. ड्यूटी एका मुलीनं बदलून द्यायची तयारी दाखवलीय. पण मी अजून हो म्हटलेलं नाही.

आत्या, तो प्रश्न ते तुला विचारतात. तीन वर्षं तुलाच विचारतात, आणि तेही फोटो झाला असं समजून. मला तो ऐकू आला नाही, नुसता दिसला. एका बटणाच्या भरवशावर मी गाडीत कशी बसू? आल्यावर त्यांनी तोंड फिरवलं, तर मग माझ्याकडे तो जुना फोटोसुद्धा उरणार नाही. मला भीती वाटते, हे तुलाच सांगू शकते.

त्यांनी परत विचारलं तर त्यांना खरं सांग. नाही जेवत वेळेवर. लॅबमध्ये उशीर होतो, खोलीवर आल्यावर एकटीसाठी करावंसं वाटत नाही.

तुझी,
सपना


गोरेगाव, २८ एप्रिल

सपनास,

जनकानं तुझं पत्र माझ्या पुढ्यात टाकलं आणि म्हणली, शपथ मोडली, आता काय करायचं ते कर. मी वाचलं. मग तिनं तुझी मागचीबी सगळी आणून दिली. बोकडाचं नाव असलेलं तेबी. माझ्या माघारी तुमी दोघींनी एवढं लिहून ठेवलं, मला पत्ता न्हाई.

मला पत्र लिहायची सवय न्हाई. चुकलं तर समजून घे.

जेवत न्हाई म्हणतीस. काहून जेवत न्हाई? एवढी शिकली, लोकांचं रगत तपासती, आणि स्वतःचं पोट कळत न्हाई का?

परवा मी कळमनुरीला जाऊन आलो. पत्रिका द्यायची होतीच. त्यांच्या ओसरीवर बसून सांगितलं, माझी पोरगी लग्नाला येणार हाय. तेव्हा शब्द मी दिला होता, तिला न विचारता दिला होता. तो मोडला तर माझा मोडला, तिचा न्हाई. तुमाला यायचं तर या. ते म्हणले, जळबा, आमी ते कवाच विसरलो, आमच्या पोराला दोन लेकरं झाली. मी तीन साल उगाच मान खाली घालून त्या रस्त्यानं गेलो.

गोठ्यात गेलो ते रागानं गेलो न्हाई. भीमराजसमोर डोळे पुसायला लाज वाटती, म्हणून गेलो.

दहा तारखेला हिंगोलीच्या स्टँडवर मी सोता उभा राहीन. गाडी कवाची हाय ते कळव. जीपनं येऊ नको, सामान असल.

जनका म्हणती, दादा, या पत्रात घालायला तुझा एक फोटो काढते. मी न्हाई म्हणलो. यापुढं माझा फोटो तुला धाडायचा न्हाई असं तिला बजावलं. बापाचं तोंड बघायचं असल तर इथं येऊन बघ. मलाबी तुझं बघायचं हाय.

तुझा बाप,
जळबा